‘आदर्श एकत्र कुटुंब’ पुरस्काराबद्दल सरपंच ताईंना खुले पत्र

प्रति,
मा. सरपंच ताई, उपसरपंच, ग्रामपंचायतीचे सर्व सदस्य आणि यात्रा समिती,
ता. खानापूर, जि. सांगली.

स. न. वि. वि.

यंदाच्या यात्रेपासून गावात ‘आदर्श एकत्र कुटुंब’ पुरस्कार सुरू करायचा आणि 1 मेच्या ग्रामसभेत सत्कार करायचा, असं तुम्ही ठरवलंत. परीक्षक म्हणून माझं नाव घातलंत. गावानं आठवण ठेवली याचा मला आनंद झाला. विट्यात तीस वर्षं मी अकरावी-बारावीच्या मुलांना समाजशास्त्र शिकवलं. दरवर्षी ‘कुटुंब’ हा पाठ आला की मागच्या बाकावरची मुलंसुद्धा मान वर करायची, कारण तेवढा एकच विषय प्रत्येकाला घरूनच येत असे.

पण तुमचा छापील अर्ज हातात घेऊन मी पंधरा दिवस गावात फिरले आणि माझं मत झालं, की या निकषांवर मला निवाडा करता येणार नाही. अर्जात तीन अटी आहेत. एका छताखाली, एका चुलीवर किमान पंधरा माणसं हवीत, तीन पिढ्या हव्यात आणि जमिनीची वाटणी झालेली नसावी. तुमच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पोरांनी म्हाताऱ्यांना विसरू नये, भावाभावांनी कोर्टाच्या पायऱ्या चढू नयेत, घरं राहावीत, एवढंच तुम्हाला हवं आहे. मलाही तेच हवं आहे. पण आपण जे मोजायला निघालो आहोत, त्यातून ते कळत नाही. पुरस्कार साऱ्या गावाचा आहे, म्हणून पत्रही साऱ्या गावापुढं लिहिते आहे.

पहिलं घर कोणतं ते मी सांगत नाही, पण अर्ज भरला तर पहिला नंबर त्यांचाच. माणसं तेवीस. मी सकाळी सहाला गेले तेव्हा धाकटी सून चुलीपुढं होती. घरात गॅसच्या दोन शेगड्या आहेत, पण सासऱ्यांना गॅसवरची भाकरी चालत नाही. एक भाकरी तव्यावर, एक निखाऱ्याला टेकवलेली, एक परातीत थापली जात असलेली. पाण्याचा हात फिरवायचा, उलटायची, पुन्हा पिठात हात. मी बसल्या बसल्या मोजत गेले. साडेसातपर्यंत चव्वेचाळीस झाल्या. मधे तिला मूल उठल्याचं ऐकू आलं, तशी ती अर्धी उठली आणि तव्यावरची करपेल म्हणून पुन्हा बसली.

मी विचारलं, “तू जेवतेस कधी?”

“समद्यांचं झालं की.”

“समद्यांचं कधी होतं?”

परातीच्या कडेचं पीठ नखानं खरवडत ती म्हणाली, “बाई, त्ये काय घड्याळात बघून ठरतंय व्हय?”

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयानं 2019 मध्ये देशभर एक पाहणी केली होती, माणसं दिवसाचा वेळ कशात घालवतात याची. घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांची दिवसाला सरासरी 299 मिनिटं त्यात जात होती. पुरुषांमध्ये असं काम करणारेच शंभरात सव्वीसच्या आसपास, आणि जे करत होते त्यांची 97 मिनिटं. तेवीस माणसांच्या घरातल्या सुनेला ही सरासरी पुरी पडणार नाही. ॲन ओकली नावाच्या समाजशास्त्रज्ञ बाईंनी लंडनमधल्या 40 गृहिणींना त्यांच्या दिवसाबद्दल खोलात जाऊन विचारलं आणि 1974 मध्ये ते प्रसिद्ध केलं. घरकाम हे कामच आहे आणि त्याचा कामासारखाच अभ्यास केला पाहिजे, हे तोवर विद्यापीठांनाही फारसं सुचलेलं नव्हतं. आपल्या अर्जातही तो रकाना नाही.

तरीही त्या घराला मी वाईट म्हणणार नाही. त्याच सुनेनं मला सांगितलं, की तिचं पोर डेंग्यूनं आजारी पडलं तेव्हा थोरली जाऊ तिच्याबरोबर आठ दिवस मिरजेला दवाखान्यात राहिली. दिरानं पैसे भरले. कुणापुढं हात पसरावा लागला नाही. पैसा, माणूसबळ, दवाखाना, दुष्काळ, एवढ्या सगळ्यांचा विमा म्हणजे हे मोठं घर. शेतकरी समाजानं ते उगीच सांभाळलेलं नाही. प्रश्न एवढाच, की त्या विम्याचा हप्ता कोण भरतं.

ताई, इथं तुमचीच एक आठवण सांगते. तुम्ही बारावीला होता. मी फळ्यावर टाल्कट पार्सन्स या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाचं म्हणणं लिहीत होते. 1955 मध्ये त्यानं मांडलं, की आधुनिक समाजात कुटुंबाची खरी कामं दोन उरली आहेत. लहान मुलाला समाजाचा माणूस करायचं आणि बाहेर शिणून आलेल्या मोठ्या माणसाचं मन घरात ताळ्यावर आणायचं. तुम्ही उभ्या राहिलात आणि विचारलंत, “मॅडम, बापाचा शीण घरी उतरतो, मग आईचा कुठं उतरतो?” वर्ग हसला होता. मी हसले नव्हते, पण उत्तरही दिलं नव्हतं. नंतर समजलं, की पुढं स्त्रीवादी अभ्यासक बायकांनी पार्सन्सला नेमकं इथंच धरलं होतं. आज तुम्ही सरपंचाच्या खुर्चीत आहात. तुमचा तो प्रश्न या अर्जात यावा असं मला वाटतं.

आता दुसरं घर. शहात्तर वर्षांची आजी. एकटी राहते. एका माणसाची चूल, म्हणजे तुमच्या अर्जात शून्य गुण. तिचे तिघे मुलगे गलाईला, तमिळनाडूत दोघे आणि केरळात एक. सोनं-चांदी गाळायची भट्टी आपल्या खानापूर-आटपाडीच्या माणसांनी कुठं कुठं नेली ते तुम्हाला मी सांगायला नको. दुष्काळानं बाहेर काढलेली माणसं देशभरच्या सराफ पेठांत जाऊन बसली. आजीच्या भिंतीवर नातवंडांचे फोटो आहेत, त्यातल्या दोघांना मराठीपेक्षा तमिळ चांगलं येतं. रात्री आठला फोन वाजतो. मी होते तेव्हाही वाजला. मधली सून कोईमतूरहून विचारत होती, “मामी, गोळी घेतली का?” आणि आजी इकडून तिला सांगत होती, पोरीला ताप असला तर भात देऊ नको, पेज दे. खरसुंडीच्या सिद्धनाथाचा नैवेद्य तिघांचा मिळून एकच. जमीन अजून आजोबांच्याच नावावर. धाकट्याचं दुकान बसलं तेव्हा थोरल्या दोघांनी त्याला उभं केलं.

इरावती कर्वे यांनी 1953 मध्ये एकत्र कुटुंबाची जी व्याख्या केली, ती मी मुलांकडून पाठ करून घ्यायचे. एका छताखाली राहणारी, एका चुलीवरचं खाणारी, मालमत्ता सामाईक असलेली, देवधर्म एकत्र करणारी आणि एकमेकांच्या नात्यातली माणसं. या आजीच्या घराला छत आणि चूल सोडून बाकी सगळं लागू पडतं. मग हे कुटुंब तुटलेलं म्हणायचं का? समाजशास्त्रज्ञ आय. पी. देसाई यांनी सौराष्ट्रातल्या महुवा या छोट्या शहरातल्या घरांचा अभ्यास केला, तो 1964 ला प्रसिद्ध झाला. त्यांचं म्हणणं असं, की एकत्रपणा छपरावरून ठरवू नका, माणसं एकमेकांची कर्तव्यं कशी पाळतात त्यावरून ठरवा. वेगवेगळ्या घरांत राहूनही कुटुंब एकत्र असू शकतं. मला वाटतं, हे त्यांनी महुव्याबद्दल लिहिलं असलं तरी आपल्या गलाईवाल्यांना जसंच्या तसं लागू आहे.

आणखी एक. “पूर्वी सगळी घरं एकत्र होती, आता मोडली,” हे आपण प्रत्येक लग्नाच्या मांडवात ऐकतो. समाजशास्त्रज्ञ ए. एम. शाह यांनी गुजरातेतल्या एका गावाच्या 1825 सालच्या नोंदी धुंडाळल्या. तेव्हाही लहान घरांची संख्या मोठी निघाली. माणसं लवकर मरायची, तीन पिढ्या एकत्र नांदायला आजोबा हयात तर हवेत! त्यामुळं आजच्या तरुण पोरांना आपण एका अशा भूतकाळाशी तोलतो आहोत, जो सरसकट कधी नव्हताच.

तिसऱ्या अटीवर मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे: वाटणी झालेली नसावी.

आपली जमीन पावसावर होती तोवर तिची वाटणी कुणाला हवी होती? चार भावांत आठ एकर माळ, त्यात कुसळं. टेंभू योजनेचं पाणी आलं आणि चित्र पालटलं. कराडजवळ कृष्णेचं पाणी उचलून ते आपल्या माळापर्यंत आलं, ही आपल्या आयुष्यातली मोठी गोष्ट आहे, मी ते पाणी बघायला पाटावर गेले होते आणि रडले होते. पण पाण्याबरोबर जमिनीला भाव आला, डाळिंब आलं, ऊस आला आणि सातबारा काढायला तलाठ्याकडं रांग लागली. फ्रेडरिक एंगल्सनं 1884 मध्ये लिहिलं, की कुटुंबाचं आजचं रूप खाजगी मालमत्ता आणि तिचा वारसा यांच्याभोवती घडलेलं आहे. त्याचा इतिहास सगळा बरोबर होता असं अभ्यासक आता म्हणत नाहीत. पण पाणी येताच नाती कशी हलतात हे आपण डोळ्यांनी पाहिलं आहे, त्यामुळं त्याचं मूळ म्हणणं मला झटकून टाकता येत नाही.

या रांगेत सगळ्यात आधी कोण वगळलं जातं? बहिणी.

गेल्या वर्षी शेजारच्या घरच्या लेकीबरोबर मी निबंधकाच्या कचेरीत गेले होते. तिला जतकडं दिलेली. पहाटेच्या एसटीनं आलेली. भावांनी नवी साडी आणली होती, तिथंच बाकावर पिशवीत ठेवलेली. हक्कसोड पत्र तयार होतं. तिचा नंबर आला, फोटो निघाला, मग अंगठा यंत्रावर ठेवायला सांगितलं. यंत्रानं घेतला नाही. पुसून ठेवा म्हणाले. तिनं पदराला पुसला, पुन्हा नाही. धुऊन या म्हणाले. धुऊन आली, तरी नाही. ठसे झिजलेत, असं तिथल्या मुलानं सांगितलं. ज्या रानात लग्नाआधी दगड वेचून आणि लग्नानंतर दुसऱ्याच्या रानात खुरपून ते झिजले, त्या रानावरचा हक्क सोडायला तिचं बोट पुरत नव्हतं. शेवटी दुसऱ्या बोटावर काम भागलं. भावानं चहा सांगितला. परतताना तिला मी विचारलं, मनापासून केलंस का? ती म्हणाली, “माहेर नगं तुटायला.”

हे मी लांबून सांगते आहे असं समजू नका. वडील गेल्यावर मीही अशीच सही केली. 1956 च्या हिंदू वारसा कायद्यानं वडिलांच्या हिश्शात मुलीला वाटा दिला, 1994 मध्ये महाराष्ट्रानं अविवाहित मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतः हक्क दिला, हे मी वर्गात शिकवत होते आणि घरी येऊन सही केली. पुढं 9 सप्टेंबर 2005 पासून देशभरच्या मुलींना तो हक्क मिळाला. वडील त्या दिवशी हयात असोत वा नसोत, हक्क जन्माचा आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं 11 ऑगस्ट 2020 ला स्पष्ट केलं. माझा भाऊ चांगला आहे, आजही भाऊबीजेला येतो. पण सही केली तेव्हा तो कसा आहे याचा विचार माझ्या मनात नव्हता. उद्या सासरी काही बरंवाईट झालं तर मला परत यायला एक दार हवं, एवढंच होतं. आपल्याकडं मुलगी लग्न करून दुसऱ्याच्या घरी जाते, म्हणून माहेर हाच तिचा अडीनडीचा आसरा. हक्कसोड हे त्या आसऱ्याचं भाडं आहे, आणि ते आपण लेकींकडून एकरकमी वसूल करतो.

मग सांगा, ज्या घरात वाटणी झालेली नाही आणि बहिणींची नावं सातबाऱ्यावरून उतरवलेली आहेत, त्या घराला हार घालायचा, आणि ज्या भावांनी बहिणीला वाटा देऊन जमीन रीतसर वेगळी केली, त्यांना बाद करायचं? आपल्या गावात असं एक घर आहे, तेच माझं तिसरं घर. भावानं स्वतः बहिणीची वारस नोंद करून घेतली. लोक त्याला भोळा म्हणतात. तुमच्या अर्जात तोही शून्य.

चौथं घर दोघी जावांचं. दोघींचे नवरे गेलेले, थोरलीचा 2021 च्या साथीत. धाकटीच्या माहेरची आईविना भाची दोघींनी आणली, ती आता नववीत आहे. एक म्हैस, शिलाई मशीन, थोरलीची पेन्शन. जॉर्ज मुरडॉक या मानववंशशास्त्रज्ञानं 1949 मध्ये 250 समाजांची माहिती गोळा करून कुटुंबाची व्याख्या केली, त्यात स्त्री-पुरुषाची जोडी आणि त्यांची मुलं हवीतच. या घरात जोडी नाही, तीन पिढ्या नाहीत, पंधरा माणसं नाहीत. पण मुलगी शिकते आहे, म्हैस दूध देते आहे आणि रात्री दोघी एकीच्या पायाला दुसरी तेल लावते आहे, हे मी पाहिलं.

असं घर आपल्या भागाला नवं नाही. साताऱ्यात 1924 ला भाऊराव पाटलांनी बोर्डिंग काढलं. जातीजातीची पोरं एकत्र जेवायची, आणि त्यांच्या पोटासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने आणि शेवटी मंगळसूत्रसुद्धा मोडलं. त्या पोरांत रक्ताचं कोण होतं? आणि रक्ताच्या घरांत काय घडत होतं तेही साताऱ्यानंच सांगितलं. 2011 च्या ऑक्टोबरात तिथल्या जिल्हा परिषदेनं 285 मुलींची नावं बदलली. आईबापांनी त्यांची नावं ‘नकुसा’ ठेवली होती. त्यातल्या कित्येक घरांत आजी असेल, काका असतील, एकच चूल असेल.

विधवांच्या प्रथा बंद करायचा ठराव शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावानं 2022 च्या मेमध्ये केला, शासनानं 17 मेला त्याचं परिपत्रक काढलं आणि आपणही ग्रामसभेत हात वर केले. तरी यात्रेच्या हळदीकुंकवाला या दोघींना अजून बोलावणं जात नाही. पुरस्काराच्या आधी हे दुरुस्त करता येईल. त्याला खर्चही नाही.

तेव्हा माझी विनंती अशी. माणसं मोजायचा रकाना काढून टाका. त्याऐवजी घरात शेवटी कोण जेवतं ते विचारा, आणि ते घरातल्या धाकट्या सुनेला एकटीला विचारा. म्हाताऱ्या माणसाची गोळी कोण आणतं, कोण देतं, मग ती कोईमतूरहून फोनवर दिलेली आठवण का असेना. लेकीचं नाव वारस नोंदीला आहे का, हक्कसोड झालं असेल तर तिला मोबदला मिळाला का. ग्रामपंचायतीच्या नमुना 8 ला, म्हणजे घरपट्टीच्या नोंदीला, घर नवरा-बायको दोघांच्या नावावर लावता येतं. गावात अशी किती घरं आहेत ते तुमच्याच कपाटातल्या नोंदवहीत आहे. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर मुलाच्या नावापुढं आधी आईचं नाव येतं. त्याच तारखेच्या ग्रामसभेत आईचं नाव घराच्या उताऱ्यावर लावायला सुरुवात केली तर फार बरं होईल. पुरस्काराचे अकरा हजार एका घराला देण्यापेक्षा वाटणी आणि वारस नोंदीच्या कागदांना मदत करणाऱ्या एखाद्या वकिलाला गावात चार शनिवार बसवायला वापरावेत असं माझं मत आहे, पण त्यावर हट्ट नाही.

नावातला ‘एकत्र’ हा शब्द ठेवायचा तर ठेवा. देसाईंच्या अर्थानं ठेवा. ‘आदर्श’ मात्र काढा. ज्या घरावर तो शब्द चिकटेल, त्या घरातल्या सुनेला उद्या माहेरी जाऊन रडायचीही सोय राहणार नाही. आदर्श घराची सून तक्रार कशी करणार?

या बदलांसह परीक्षक व्हायला मी तयार आहे. जुन्या अर्जावर नाही. मी फिरून लिहिलेल्या नोंदी माझ्याजवळच राहतील, बायकांनी विश्वासानं सांगितलेलं आहे ते.

एक शेवटचं. ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यावी लागते. गेल्या वेळी ती संध्याकाळी सहाला ठेवली होती आणि अकरा जणी आल्या. सहाला भाकरीची वेळ असते. यंदा दुपारी दोन ते चार ठेवा, आणि अंगणवाडीच्या ओसरीत ठेवा, पंचायतीच्या सभागृहात नको, तिथं पुरुष दारात उभे राहतात. मी त्या धाकट्या सुनेला सांगून ठेवलं आहे. दोनला आली तर चारपर्यंत मोकळी आहे म्हणाली.

आपली,
गावातली एक निवृत्त शिक्षिका